पडवीतल्या फ्लॉपी ड्राइव्हांचा लिलाव

तुमच्या घरात बंद पडलेला कॉम्प्युटर आहे की नाही? खरं सांगा. पलंगाखाली, माळ्यावर, नाहीतर टाकीमागे जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला. पाहुण्यांना दाखवायची सोय नाही आणि भंगारात द्यायला जीव होत नाही. लाजू नका. तुमच्याकडे एक असेल. तारकर्लीच्या सत्यवान मेथराकडे पडवी भरून होते.

सत्यवान माझा शेजारी. वय अठ्ठावन्न, अंगात बनियन, खिसा नसल्यामुळे स्क्रू ड्रायव्हर कानावर. कॉम्प्युटर त्याला कोणी शिकवला नाही. तरुणपणी तो मच्छीमार बोटीवर होता. तिथला मासे दाखवणारा पडदा एकदा भर दर्यात बंद पडला. तांडेलाने शिव्या घातल्या, याने चमच्याने स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि पडदा चालू केला. त्या दिवसापासून हा मासे सोडून पडद्याच्या मागे लागला. पुढे मालवणच्या बाजारात बावीस वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवलं. मला अशी माणसं आवडतात. भिंतीवर सर्टिफिकेट लावून बसणाऱ्यांपेक्षा कानावर स्क्रू ड्रायव्हर लावलेला माणूस केव्हाही खरा, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. सांगितलंही आहे.

आमच्याकडे कॉम्प्युटर व्हायरसने मरत नाही, हवेने मरतो. खारा वारा आत शिरतो आणि बोर्डावर हिरवा गंज चढतो. सत्यवानाचा त्यावर उपाय एकच. बोर्ड सुटा करायचा, चक्क गोड्या पाण्याने धुवायचा, स्पिरिट लावून ब्रशने घासायचा आणि अंगणातल्या खाटेवर उन्हात टाकायचा. त्याच खाटेवर त्याची बायको सुगंधा बांगडे सुकवते. त्यामुळे मालवणातले अर्धे कॉम्प्युटर चालू केले की बांगड्याचा वास यायचा आणि मांजरं टेबलाखाली येऊन बसायची. एकदा एका मांजराने तर रॅम पळवली होती. ती परत मिळाली, दातांच्या खुणांसकट, आणि पुढे सहा वर्षं चालली.

दुकान बंद झालं तेव्हा सगळं सामान टेम्पोतून घरी आलं. लोकांनी नवीन मशीन घेतलं की जुना भाग हा ठेवून घ्यायचा. चालणारी वस्तू टाकायची कशाला, हा त्याचा हट्ट. रॅम, पंखे, वायरींचे भारे, जाडे मॉनिटर. आणि फ्लॉपी ड्राइव्ह, चौतीस! फ्लॉपी म्हणजे ती चपटी चौकोनी तबकडी, जिच्यात एक फोटोसुद्धा धड मावत नाही. ती ज्यात घालायची तो खटका म्हणजे ड्राइव्ह.

सुगंधा मालवणच्या मासळी बाजारात बसते. सहा वर्षं तिने पडवीकडे बघून फक्त उसासे टाकले. मग एका सोमवारी जाहीर केलं, "शनिवारी धा वाजता माझो फ्रीझर येतलो. तेच्या आदी ह्या सगळा हंयसून हलवा. नायतर बाबू भंगारवालो येतलो. तेका मी सांगान ठेवलंय."

सत्यवान सरळ माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"भाई, ती किलोवर घालतली रे."

"काय घालतली?"

"माझी बावीस वर्सा. काट्यार ठेवन किलोवर!"

मी म्हटलं, घाबरायचं काम नाही. सतरा अर्ज करून एका खांबावर दिवा लावून घेतलेला माणूस मी. जुना माल ऑनलाइन विकणं ते काय मोठं? मंगळवारी सकाळी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर आम्ही दुकान मांडलं. फोटो मी काढले. वर्णन सत्यवानाने स्वतः लिहिलं, कुणाला हात लावू दिला नाही. एका रॅमखाली त्याने लिहिलं: "ही पूर्वी एका मास्तरांकडे होती. स्वभावाने शांत. पावसाळ्यात थोडी कुरकुर करते. डाव्या कोपऱ्याला गंज होता. काढला आहे, पण होता हे सांगणे कर्तव्य समजतो."

मी म्हटलं, "अरे, तू विकतोस की स्थळ सुचवतोस?"

"खोटा कशाक बोलाचा?"

तासाभरात निरोप यायला लागले. सगळे एकच. "लास्ट प्राइस?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, आपण कोण, कुठचे, काही नाही. माझं डोकं तापलं. एकाला मी असं उत्तर दिलं की साइटवाल्यांनी माझं खातं दोन दिवस बंद ठेवलं. त्यानंतरचे फोन सत्यवान स्वतः करू लागला, स्पीकरवर टाकून.

"नमस्कार. मेथर बोलतंय, तारकर्लीसून. तुमचा गाव खंयचा?"

"पुणे."

"पुण्यात सगळेच रवतत. मूळचा?"

"काका, ती रॅम आहे ना अजून?"

"आसा. आडनाव काय तुमचा?"

"काका, मला रॅम हवीय. मुलगी नकोय."

सत्यवानाने फोन कट केला. "चेडवाचो विषय कित्याक काढल्यान तेणा? ह्येच्या घरात रॅम सुखी रवाची नाय."

हसू नका. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग त्या गावातला आपला कोणी ओळखीचा आहे का ते बघतात, मग पाणी देतात आणि मग कामाचं बोलतात. सत्यवानाने तीच पद्धत ऑनलाइन चालवली. बुधवार संध्याकाळपर्यंत त्याने एकोणीस जणांना नापास केलं. एक पंखासुद्धा गेला नाही.

मग मी ठरवलं, परका बाजार नको, आपलाच बघू. आमच्या तालुक्याच्या एका ग्रुपवर नऊशे माणसं आहेत. तिथे एकच फोटो टाकायचा, पण जोरदार. सत्यवानाने एक मोठ्या मॉनिटरची रिकामी चौकट उचलली आणि कुठे तडा नाही हे दिसावं म्हणून स्वतःच्या तोंडासमोर धरली. चौकटीला दसऱ्याच्या पूजेचा झेंडूचा हार तसाच लटकत होता. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं: "सत्यवान मेथर, तारकर्ली. बावीस वर्षांची अखंड सेवा. शनिवारपर्यंत घरी यावे."

आता सांगा, यात माझी काय चूक? वाचलं असतं तर कळलं असतं. पण ग्रुपवर वाचतो कोण! चौकटीतला चेहरा आणि त्यावर हार बघून पहिल्या दोन मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले. रात्रीची जेवणं व्हायच्या आत बासष्ट "भावपूर्ण श्रद्धांजली" जमा झाल्या. सत्यवानाशी पंधरा वर्षं न बोललेल्या एका दुकानदाराने लिहिलं, "मालवणच्या संगणक क्षेत्रात न भरून येणारी पोकळी निर्माण झाली."

मी पोस्ट काढायला गेलो तर सत्यवानाने माझा हात धरला.

"रव रे जरा. जिवंतपणी ह्यो असो कधी बोललो नाय. माका पुरा वाचूक दी."

गुरुवारी दुपारी तो पानावर बसला होता, बांगड्याची आमटी आणि भात. इतक्यात बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, हंबरडा ऐकू आला. जानकी आते! सत्यवानाची सख्खी आते, राहते थेट आरोंद्याला, वय पंचाहत्तर. तिने पडवीत पाऊल टाकलं, सत्यवान दिसला, आणि हंबरडा अर्ध्यावर थांबला.

"मेल्या, तू जेवतंस?"

"ये गो आते. बस. पान वाढू?"

"तीन एसट्यो बदललंय मी! वाटभर रडलंय! एक कंडक्टर माझ्या वांगडा रडलो! नि तू बांगडे खातंस?"

तिचा राग बघून सत्यवान मेल्यासारखाच झाला. शेवटी सुगंधाने तिला पाणी दिलं, पान वाढलं, आणि जेवता जेवता सगळा प्रकार सांगितला. मग हात धुवून सुगंधा पडवीच्या पायरीवर बसली. फ्लॉपी ड्राइव्हांच्या ढिगाकडे तिने पहिल्यांदाच नीट बघितलं, टोपलीतल्या माशाकडे बघते तसं.

"अवो, मी नवी नवरी होतंय तेव्हा हंय म्हाकुला कोण खाय होता?"

म्हाकुल म्हणजे ते पांढरं, लिबलिबीत, हॉटेलवाले ज्याच्या रिंगा करून तळतात ते.

"कोण नाय," सत्यवान म्हणाला.

"गळाक लावीत, नायतर परत दर्यात टाकीत. आता गाडी येता नि सगळी उचलून न्हेता. म्हाकुला तीच आसत. घेणारो तेवडो गावलो. तुमी जगभर बोंब मारतास. तुमच्या ह्या चौकोनाचो म्हाकुलवालो खंय आसा, ता सांगा आदी."

"आता फ्लॉपी कोण नाय वापरीत गो."

"कोण नाय म्हणजे? घराघरात जावन बघून इल्यात?"

तेवढ्यात भाताचा शेवटचा घास गिळून जानकी आते म्हणाली, "असोच चौकोन माझ्या साडयेवाल्याकडे आसा."

आम्ही तिघेही तिच्याकडे वळलो.

"सावंतवाडीक तो मशनीर साडयेचे काठ भरून देता. फुला, मोर, काय होया ता. मशनीत तो असोच चौकोन घालता, नि मशनीक चापट्यो मारता. मी इचारलंय, कित्या मारतंस रे तिका? तर म्हणता, खटको मेलो, नवीन गावणा नाय."

मी तोवर फोन काढला होता. भरतकामाची मशीनं! जुनी, दणकट, लाखमोलाची मशीनं, अजून ठणठणीत चालणारी, फक्त नक्षी आत घालायचा रस्ता फ्लॉपीचा. तो खटका मेला की सगळं मशीन मुकं. दहा मिनिटांत मला अशा मशीनवाल्यांचा ग्रुप सापडला. तिथे इचलकरंजीच्या अण्णासो मगदूम नावाच्या माणसाने मोडक्या ड्राइव्हचा फोटो टाकून लिहिलं होतं, "तीन आठवडे मशीन उभं हाय. कुणाकडं आसंल तर देवाशपथ सांगा." खाली सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, "मला पण पाहिजे."

म्हणजे इतके दिवस आम्ही पुण्याच्या पोरांना रॅमचा स्वभाव समजावून सांगत होतो, आणि आमची खरी गिऱ्हाइकं तिकडे मशीनला चापट्या मारत बसली होती. मी पडवीतल्या ढिगाचा फोटो टाकला. पाच मिनिटांत फोन तापला. सत्यवानाने तो कानाला लावला आणि सुरू केलं, "नमस्कार. तुमचा गाव..."

सुगंधाने फोन हिसकावला. "शिरा पडो तुमच्या गावार! उद्या शुक्रवार. चार वाजता लिलाव. ज्येका होया तो येतलो."

शुक्रवारी ती बाजारातून लवकर आली. बाजारात ती रोज अंथरते तीच निळी ताडपत्री तिने अंगणात घातली. वास ऑनलाइन जात नाही हे आमचं नशीब. मग तिने वाटे मांडले. मासळी बाजारात वाटा मांडायची एक रीत आहे. वर डोळ्यात भरेल असा मासा, खाली बारीकसारीक. सुगंधाने तसेच बारा वाटे केले. वर तीन-तीन, दोन-दोन ड्राइव्ह, खाली रॅम, पंखे, वायरी, माऊस. मॉनिटर मागे टेकून. मी फोन धरला आणि लाइव्ह सुरू केलं. छप्पन माणसं आत आली.

"बोला! पयलो वाटो! वर तीन खटके, खाली पंखो, रॅम, वायरींचो झुबको! बोला!"

कोणीतरी लिहिलं, "लास्ट प्राइस?" मी वाचून दाखवलं.

"कोण रे तो? पयली बोललस नाय, लास्ट खंयसून येतली?"

मग मगदूमांचा आवाज आला. "वैनी, मला निस्ते ड्राइव्ह द्या की. पंखा घिऊन मी काय वारा घेत बसू?"

"वाटो मोडूचो नाय! घेवचो तर पुरो घेवचो!"

"आवो, पण..."

"पण घरी ठेवा. पुढे बोला!"

रंग चढला होता. आकडे वर सरकत होते. सत्यवान खाटेवर पाय जवळ घेऊन बसला होता, मुलीच्या लग्नात बाप बसतो तसा. आणि तेवढ्यात ते घडलं. तीस वर्षं मासे विकलेली बाई. माल उन्हात पडला की तिचा हात आपोआप शेजारच्या तांब्यात जातो. तिने बोलता बोलता ओंजळ भरली आणि सपकन सगळ्या वाट्यांवर पाणी शिंपडलं. मासा ताजा दिसावा म्हणून!

मी जो शब्द काढला तो इथे लिहीत नाही. लिहायची गरजही नाही, लाइव्ह होतं, सगळ्यांनी ऐकला.

"आयला, पाणी मारलं की वो!" मगदूम ओरडले.

"आवशीक खाव!" सत्यवान खाटेवरून उडालाच. "गो, पाणी मारलंस ता मारलंस, बोअरचा मारलंस? खारा आसा ता!"

छप्पनाचे अठरा झाले. माणसं भराभर बाहेर पडत होती. सुगंधा तोंडावर पदर धरून उभी. बाबू भंगारवाल्याने आधीच पडवीत आणून ठेवलेला रिकामा हारा, ती मोठी टोपली, मला तेव्हा जरा जास्तच मोठा दिसला.

पण सत्यवानाला आता लाइव्ह, लिलाव, शनिवार, काहीच दिसत नव्हतं. खारं पाणी आणि यंत्र, एवढंच त्याला दिसत होतं. त्याने सगळ्यात भिजलेला ड्राइव्ह उचलला, कानावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि चार स्क्रूत तो उघडा केला. मग घरातून विहिरीच्या गोड्या पाण्याचा तांब्या आणला आणि ड्राइव्ह सरळ धुतला.

"धुतोय!" कोणीतरी लिहिलं. "म्हातारा धुतोय!"

"धुवचोच लागतलो," सत्यवान स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "पाणी मारीत नाय यंत्राक. मीठ मारता. मीठ गेला की यंत्र जगता." स्पिरिट. दात घासायचा जुना ब्रश. मुलगी रसिका कुडाळला नोकरीला असते, तिचा केस वाळवायचा ड्रायर. मग खाट, ऊन. मांजर आलं, वास घेतला, आतेने झाडणी उगारली. मी फोन धरून उभाच. हाताला मुंग्या आल्या. पण अठराचे चाळीस झाले, चाळीसचे दीडशे. बघून बघून माणसं दुसऱ्यांना बोलावत होती. पाऊण तासाने तीनशे दहा माणसं एका खाटेवर वाळणारा ड्राइव्ह बघत होती. आमच्या ग्रामसभेला मी एवढी गर्दी कधी बघितली नाही, आणि हे मला अजून लागून आहे.

सत्यवानाने ड्राइव्ह जुन्या मशीनला जोडला. ढिगातली एक फ्लॉपी घातली. हिरवा दिवा लागला. कर्र... खट... कर्र. आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "विषय: खांबावरील दिवा बसविणेबाबत." माझा पहिला अर्ज! त्याच्याच दुकानात टाइप केलेला! त्या अर्जावर पंचवीस वर्षांत कोणी हललं नव्हतं, पण ड्राइव्हने एका झटक्यात वाचला.

मग मगदूमांचा आवाज आला, एकदम हळू.

"मेथरदादा, तुमचं मूळ गाव कुठलं वो?"

सत्यवानाने मान वर केली. सबंध आठवड्यात त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

"मूळचे आमी देवबागचे," तो म्हणाला. "तुमचा?"

"माझं हातकणंगल्याजवळ. आमचा आजा समदं करायचा... कायबी मोडलं की जोडायचा. तुमच्यासारखाच."

सत्यवान सुगंधाकडे वळला. डोळे ओले. "गो, माणूस बरो आसा. ह्येका देवया सगळा."

"देवया काय! लिलाव आसा हो!" असं म्हणून सुगंधाने पदर खोचला आणि भाव असा काही चढवला की मगदूमांना आणखी पाच जणांना जोडीला घ्यावं लागलं. बाराचे बारा वाटे गेले. पंख्यांसकट. मॉनिटरसकट. हाराच्या चौकटीसकट.

शनिवारी साडेनऊला इचलकरंजीची पिकअप अंगणात लागली. मगदूम स्वतः आले, ढिगाला नमस्कार केला, बांगडे खाल्ले आणि माल घेऊन निघाले. दहाला फ्रीझर आला, मोकळ्या पडवीत ऐटीत बसला. सव्वादहाला बाबू भंगारवाला आला. न्यायला काहीच नाही म्हटल्यावर तो वैतागला.

"माका फुकट बोलवल्यात? माझो एक गोडावून भरलो हा असल्या डब्यांनी. कोण घेना नाय!"

सत्यवानाने चहाचा कप खाली ठेवला. सुगंधा फ्रीझर पुसत होती, तिची पाठ होती. तो हळूच उठला, बाबूच्या खांद्यावर हात टाकून त्याला बेड्यापर्यंत घेऊन गेला, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं:

"बाबू, तुझा मूळ गाव खंयचा रे?"

बाबू भंगार न्यायला आला होता. जाताना तीन पोती भंगार विकून गेला. त्याच्या गोडाउनातली ती पोती सध्या माझ्या घरी आहेत. मगदूमांच्या पाहुण्यांना, त्यांच्या मित्रांना, सुरतेच्या कोणाला तरी, सगळ्यांना ड्राइव्ह हवेत, आणि सत्यवान रोज माझ्या पडवीत बसून धुतो, वाळवतो, धुतो. माझं मांजर खूश आहे. सुगंधाला अजून काही माहीत नाही.

तेव्हा तुम्हाला हात जोडून सांगतो. त्या जुन्या साडीतलं मशीन बाहेर काढा, त्यातला फ्लॉपी ड्राइव्ह सोडवा आणि पाठवा. पण सकाळी अकराच्या आत पाठवा, सुगंधा वयनी बाजारात असते तेव्हा. पार्सलवर पत्ता माझा घाला. आणि आत चिठ्ठीवर तुमचं गाव आणि आडनाव न विसरता लिहा, नाहीतर तो घेणार नाही.